विधवा प्रथाबंदीचा ठराव आमच्या ग्रामसभेत येतोय. त्यात नेमकं काय लिहावं?

चिंचेखाली

मी सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या ग्रामपंचायतीची सदस्य. महिला राखीव जागेवरून पहिल्यांदाच निवडून आले. शेजारच्या गावाने विधवा प्रथाबंदीचा ठराव केला, पेपरात फोटोसकट बातमी आली आणि ती वाचून आमच्या सरपंचांनाही हुरूप चढला. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव मांडायचा, आमदारांना बोलवायचं, असं ठरलंय. फ्लेक्सचा मजकूर तयार आहे. ठरावाचा मजकूर मात्र कुणी लिहिलेला नाही. "बायकांचा विषय आहे, बाईंनीच लिहावा" म्हणून तो माझ्या गळ्यात पडलाय.

ठराव व्हावा असं मला मनापासून वाटतं. पण इतर गावांचे जे ठराव बातम्यांतून वाचले, त्या सगळ्यांत तीच चार वाक्यं आहेत. कुंकू पुसू नये, मंगळसूत्र तोडू नये, बांगड्या फोडू नयेत, जोडवी काढू नयेत. हे लिहायला दोन मिनिटं लागतील. लिहिल्यावर काय होणार, ते मला दिसत नाही.

मयताच्या घरी हा प्रकार कसा चालतो हे इथल्या बऱ्याच जणींनी पाहिलं असेल. पुरुष बाहेर तिरडी बांधत असतात. सरपंच, सदस्य, पोलीस पाटील सगळे बाहेरच. आत पाच-सहा बायका तिला धरून बसलेल्या, आणि बांगड्यांना हात घालायला पुढे येतात त्या बहुतेक वेळा स्वतः विधवा झालेल्या म्हाताऱ्या. ती बिचारी शुद्धीवरही नसते. अशा वेळी "थांबा, ग्रामसभेचा ठराव झालाय" असं कोण म्हणणार? मी म्हणेन, पण मी प्रत्येक घरात असणार आहे का? आणि माझ्या नात्यातल्याच घरात असले तर माझ्या तोंडून शब्द फुटेल का, याची मला खात्री नाही.

दुसरी अडचण घरातली. माझ्या सासूबाई तिशीत असताना मामंजी गेले. परवा मी ठरावाचं बोलले तर त्या तांदूळ निवडता निवडता थांबल्या आणि म्हणाल्या, "मग आमचं केलं ते काय उगीच?" मला उत्तर सुचलं नाही. आधी वाटायचं की जुन्या बायका रूढीला चिकटून असतात. पण त्यांचं दुखणं वेगळं आहे. तीस-पस्तीस वर्षं त्या कुणाच्या ओटीला गेल्या नाहीत, स्वतःच्या मुलाच्या लग्नात, म्हणजे आमच्या लग्नात, हळदीच्या वेळी माडीवर जाऊन बसल्या. आता गावच म्हणणार की याची काही गरज नव्हती. मग त्या तीस वर्षांचा हिशोब त्यांनी कुणाकडे मागायचा?

तिसरं म्हणजे, एक सदस्य म्हणतात की ठराव मोडेल त्याला दंड लावू, नाहीतर त्या घराच्या कार्याला गावाने जायचं नाही. असं चालतं का?

ज्यांच्या गावात ठराव झालाय त्यांनी खरं सांगा. काही बदललं का?

---

पंचगंगेकाठचा

ताई, मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातला. हा ठराव करून गाजलेलं हेरवाड आमच्यापासून लांब नाही, म्हणून थोडं पाल्हाळ लावतो.

मे २०२२ मध्ये हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला. ते राजर्षी शाहूंचं स्मृतिशताब्दी वर्ष होतं, महाराज ६ मे १९२२ ला गेले. मुहूर्त मुद्दाम तो धरला होता, कारण शाहूंनी १९१७ मध्येच करवीर संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याने मान्यता दिली होती. हेरवाडपाठोपाठ हातकणंगले तालुक्यातल्या माणगावने ठराव केला. हे तेच माणगाव, जिथे मार्च १९२० च्या परिषदेत शाहू महाराज आणि बाबासाहेब एका मांडवात होते. त्याच महिन्यात ग्रामविकास विभागाचं परिपत्रकही निघालं की इतर ग्रामपंचायतींनी हेरवाडचा कित्ता गिरवावा. तुमच्या शेजारच्या गावापर्यंत जे आलंय ते असं आलंय.

पण या ठरावामागची जी गोष्ट बातम्यांत एका ओळीत उरकतात, ती तुमच्या कामाची आहे. कल्पना मांडली ती सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाच्या प्रमोद झिंजाडे यांनी. कोविडच्या काळात एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीला त्याच्या बायकोच्या बाबतीत जे घडलं ते त्यांनी पाहिलं. मग त्यांनी आधी स्वतःपासून सुरुवात केली. माझ्या मागे माझ्या बायकोवर ही प्रथा लादू नये, असं स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं. नंतर आणखी पुरुषांनी तसं लिहून दिलं. ठराव त्याच्या पुढचा.

"कोण थांबवणार" या तुमच्या प्रश्नाला मला तरी यातच उत्तर दिसतं. मयताच्या घरी सदस्याचं कुणी ऐकत नाही. पण जो गेला त्यानेच लिहून ठेवलंय म्हटल्यावर म्हातारीचा हात थबकतो. मयताची शेवटची इच्छा आपल्याकडे कुणी मोडत नाही. कावळा शिवेना तर काय काय कबूल करतो आपण!

आणि रूढी रूढी म्हणताना एक ध्यानात ठेवा. तुमच्या-आमच्या कितीतरी घरांत दोन-तीन पिढ्यांमागे विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागायचा, कुठे त्याला म्होतूर म्हणायचे. माझ्या पणजीचा म्होतूर लागला होता आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. पुढे घरात चार पैसे आले, माडी झाली, वरच्या जातींसारखं वागायची हौस आली आणि पाट बंद झाला. म्हणजे "आमच्यात पूर्वीपासून असंच" हे खरं नाही. पूर्वी उलट होतं.

---

रोखठोक

ग्रामपंचायतीने नळाला पाणी सोडावं, गटारं काढावीत. कुणी कपाळाला काय लावायचं हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. आज कुंकवाचा ठराव, उद्या कोणती साडी नेसायची त्याचा. शिवाय आमच्या आत्याने स्वतःहून सगळं उतरवलं, कुणी जबरदस्ती केली नव्हती. तिला आता तुम्ही मागास ठरवणार का?

---

चिंचेखाली

रोखठोक, पाण्याचं म्हणाल तर आमच्या वाडीला एक दिवसाआड येतं आणि त्यासाठीही मीच भांडतेय. दोन्ही कामं होतात एका बाईला.

पण आत्याबाईंचा मुद्दा मी टाकून देणार नाही. ज्या बाईला स्वतःहून काढायचं आहे तिने काढावं. ठरावात "काढू नये" असं न लिहिता "दुसऱ्या कुणी काढायला लावू नये" असं लिहायला हवं, हे तुमच्यामुळे सुचलं. फक्त एक विचारते. आत्याबाईंनी उतरवलं तेव्हा आजूबाजूला किती जणी बसल्या होत्या, आणि उतरवलं नसतं तर त्यातल्या किती जणींनी पुढच्या संक्रांतीला त्यांना वाण दिलं असतं?

---

पाटाचं_पाणी

मी एरवी वाचून सोडून देते. आज लिहिते कारण हा विषय माझा आहे.

माझे मालक एप्रिल २०२१ मध्ये कोविडने गेले. दवाखान्यातून मला त्यांचं तोंड लांबून दाखवलं, अग्नी नगरपालिकेच्या माणसांनी दिला. मी स्वतः पॉझिटिव्ह होते, घरात एका खोलीत कोंडलेली. बाया जमल्या नाहीत, पाट मांडला नाही, बांगड्या फोडायला कुणी आलं नाही. तेवढं एकच त्या आजाराने बरं केलं. आमच्याकडे त्या वर्षी ज्या विधवा झाल्या त्यांतल्या बऱ्याच जणींच्या हातात बांगड्या राहिल्या त्या सुधारणेमुळे नाही. लोक घरात यायला घाबरत होते म्हणून राहिल्या.

विलगीकरण संपल्यावर जाऊबाई म्हणाल्या, राहिलंय ते उरकून घेऊ. मी नको म्हटलं. मंगळसूत्र मी माझ्या हाताने काढलं, कारण मला ते बघवत नव्हतं. बांगड्या ठेवल्या, टिकली लावते. मी शाळेत पोषण आहार शिजवते, पोरं मला बांगड्यांच्या आवाजावरून ओळखतात.

आता तुमच्या ठरावाबद्दल.

आमच्या गावातही ठराव झाला. ठराव बरा होता, पण नंतरचा कार्यक्रम वाईट. मंदिरापुढे मांडव घातला, पुढच्या खुर्च्यांवर पुरुष, आणि माईकवरून नावं पुकारून विधवा बायकांना स्टेजवर बोलावलं. सुवासिनींच्या हस्ते कुंकू लावायचा कार्यक्रम. ज्यांनी वीस वर्षांत कपाळाला बोट लावलं नव्हतं त्यांना चारशे माणसांसमोर उभं केलं. माझी एक मैत्रीण थरथरत होती. तिचा फोटो गावच्या ग्रुपवर फिरला, मग मुलीच्या सासरी गेला, तिथे मुलीला टोमणे. तिला कुणी आधी विचारलं होतं? पूर्वी पुसताना विचारलं नाही, आता लावताना विचारलं नाही. तुमच्याकडे आमदार येणार आहेत म्हणून सांगते, एकाही बाईला स्टेजवर चढवू नका.

दुसरं, मंगळसूत्र तोडणं म्हणजे नुसता दोरा तोडणं असं समजू नका. त्यात सोनं असतं. काढलेला डाग कुठे जातो हे कधी विचारलंय का कुणी? "नीट ठेवते हो" म्हणून घरातलीच कुणीतरी उचलते. माझ्या मैत्रिणीचे गंठण, कानातलं, सगळं त्या दिवशी जाऊच्या कपाटात गेलं. तेराव्यानंतर मागितलं तर "तुला आता कशाला लागतंय घालायला?" मी माझ्या हाताने काढलं म्हणून माझ्याच डब्यात राहिलं. पुढे मुलाच्या डिप्लोमाची फी त्यावर भागली.

तिसरं सगळ्यात मोठं. मालक शेतात राबायचे, पण सातबाऱ्यावर त्यांचं नाव कधी लागलंच नव्हतं. आजेसासरे गेल्यावर थोरल्या दिरांचं नाव लागलं, त्याच्यापुढे "ए.कु.क." असं काहीतरी. मला त्याचा अर्थ मालक गेल्यावर कळला. पीकविमा दिरांच्या नावावर, सोसायटीचं कर्जही त्यांच्याच नावावर. बँकेत गेले तर विचारतात जमीन कुणाच्या नावावर. लाडक्या बहिणीच्या केवायसीला गेले तर आधी नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार क्रमांक मागितला. दोघेही वर गेलेले, ओटीपी कुणाच्या फोनवर यायचा? पुढे दाखले देऊन मार्ग निघाला, पण तोवर हेलपाटे आम्हीच घातले.

दीर वाईट नाहीत. धान्य देतात, सणाला साडी देतात. पण मी मागितल्यावर देतात. माझ्या हक्काचं असतं तर मागावं लागलं नसतं.

कपाळावर टिकली असूनही मला मुलाच्या हळदीला स्वयंपाकघरात बसवलं होतं, हेही लिहा. ठरावात मयताच्या दिवसाचंच लिहितात. पुढच्या लग्नाकार्यांचं कोण लिहिणार?

---

जुना_कारकून

वरच्या ताईंचं वाचून राहवलं नाही. महसूल खात्यात आयुष्य गेलं, आता निवृत्त. थोडं रुक्ष लिहितो, सवय.

ए.कु.क. म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता. पूर्वी वडील गेले की थोरल्या मुलाचं नाव तसं लावून मोकळं व्हायचे, बाकीच्या वारसांची नावं राहून जायची. त्या नोंदीने थोरला मालक होत नाही. पण कागदावर तोच एकटा दिसत असल्याने धाकट्याची विधवा कुणाच्या खिजगणतीत नसते. ताई, तुम्ही वारस नोंदीचा अर्ज द्या. आजेसासऱ्यांपासूनची वंशावळ, मृत्यूचे दाखले आणि जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या नावात झालेल्या बदलांच्या नोंदी, काढून घ्या. हरकत आली तर सुनावणी होईल, घाबरू नका. आणि कुणी "सही कर, कागद दुरुस्त करायचाय" म्हटलं तर तो कागद हक्कसोडपत्र नाही ना, हे दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. अंगठे आणि सह्या तेराव्याच्या आतच घेतल्या जातात, हे मी पुष्कळ पाहिलंय. बाई तेव्हा कशालाही नाही म्हणण्याच्या अवस्थेत नसते.

कायदा अगदी सरळ आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवरा मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या हिश्श्यात बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई सारख्या वाटेकरी. हा हिस्सा तिच्या पूर्ण मालकीचा. तिने पुढे लग्न केलं तरी तो जात नाही. १८५६ च्या पुनर्विवाहाच्या कायद्यात मात्र लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क सुटायचा. लोकांच्या डोक्यात अजून तोच बसलाय, आणि दुसऱ्या लग्नाला घरचे आडवे येतात त्यामागे अब्रूपेक्षा जमिनीची भीती जास्त असते, हे माझं मत.

घरातून बाहेर काढायची धमकी दिली तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा विधवेलाही लागू आहे. सासरच्या घरात राहण्याचा तिचा हक्क मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका विधवेच्याच प्रकरणात मान्य केला. योगायोग असा की हेरवाडचा ठरावही त्याच महिन्यातला.

चिंचेखाली ताई, तुमच्या दंडाच्या प्रश्नाचं उत्तर: लिहू नका. असा दंड लावायचा अधिकार ग्रामसभेला नाही. आणि "त्या घराच्या कार्याला जायचं नाही" हे तर चुकूनही नको. महाराष्ट्रात २०१७ पासून सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. सुधारणेचा ठराव करायला जाऊन तुम्हीच गुन्ह्यात अडकाल.

उलट तुमच्या हातात जे आहे ते वापरा. सातबारा तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे. पण गावठाणातल्या घराचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीची नोंदवही, तुमच्याच कपाटात आहे. घराची वारस नोंद ग्रामपंचायत करते. मृत्यूची नोंदही तुमच्याच कार्यालयात होते, २१ दिवसांच्या आत. म्हणजे विधवा झालेल्या बाईच्या घरचं कुणीतरी महिन्याभरात तुमच्या टेबलापुढे येणारच. बहुतेक वेळा दीर किंवा पुतण्या येतो, दाखला घेतो आणि जातो. त्याच वेळी बाईच्या नावाने वारस नोंदीचा अर्ज भरून घेतला तर पुढचे निम्मे हेलपाटे वाचतील. २०२५ मध्ये सरकारने जिवंत सातबारा मोहीम काढली, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला. मोहिमेची वाट न बघता हे एरवीही होऊ शकतं. जमीनमहसूल अधिनियमाच्या कलम १४९ प्रमाणे वारसाची वर्दी, म्हणजे खबर, तीन महिन्यांत द्यायची असते.

संजय गांधी निराधार योजनेचे दीड हजार रुपये महिना मिळतात, पण त्याला वार्षिक उत्पन्नाची अट २१,००० रुपयांची आहे. एवढ्या कमी उत्पन्नाचा दाखला मिळवताना प्रामाणिक बाई मागे राहते. तो ग्रामसभेच्या हातातला विषय नाही, म्हणून थांबतो. दारिद्र्यरेषेखालचं घर असेल आणि कमावता माणूस साठीच्या आत गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेतून एकदाच २०,००० मिळतात, तेवढं तरी प्रत्येकीला सांगा. तहसील कार्यालयात अर्ज.

---

रोखठोक

कारकून साहेब, हे पटलं. घराच्या नोंदीचं काम ग्रामपंचायतीचंच आहे, त्याला माझी हरकत नाही. कुंकवाबद्दल मत तेच आहे.

---

चिंचेखाली

सगळ्यांचे आभार. पाटाचं_पाणी ताई, तुमचं लिहिलेलं मी सासूबाईंना वाचून दाखवलं. हळदीच्या वेळी स्वयंपाकघरात बसवल्याचं आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तरी बरी, खाली तरी होती." पुढे बराच वेळ त्या दागिन्यांबद्दल बोलत राहिल्या. त्यांची पुतळ्यांची माळ कुणाकडे गेली हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही माहीत नव्हतं.

ठराव मांडायला सूचक म्हणून सही करणार का, असं मी त्यांना विचारलं. अजून हो म्हणाल्या नाहीत. "माझं नाव घालू नको, पण मी ग्रामसभेला येईन" इथवर गाडी आलीय. आमच्या ग्रामसभेला त्या आजवर एकदाही आलेल्या नाहीत.

कच्चा मसुदा असा केलाय. चुका काढा.

"पतीच्या निधनानंतर कोणत्याही स्त्रीचे कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी काढण्यास अन्य कोणी भाग पाडणार नाही. ती काय ठेवील आणि काय उतरवील हे तिचे तिने ठरवावे. तिच्या अंगावरचे दागिने हे तिचे स्त्रीधन असून ते तिच्याच ताब्यात राहतील.

लग्न, हळद, ओटीभरण, बारसे, हळदीकुंकू अशा कार्यांत विधवा स्त्रीला वेगळे बसवले जाणार नाही. मुलामुलीच्या लग्नात आई म्हणून करावयाचे विधी तिची इच्छा असल्यास तीच करील. शाळा, अंगणवाडी व ग्रामपंचायतीच्या कार्यक्रमांत हे आजपासून पाळले जाईल.

निधनाची नोंद करताना ग्रामपंचायत कार्यालय मयताच्या पत्नीच्या नावे घराच्या वारस नोंदीचा अर्ज भरून घेईल, आणि जमिनीच्या वारस नोंदीचा अर्ज तिच्या सहीने ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे पाठवील. तेरा दिवसांच्या आत तिची अन्य कोणत्याही कागदावर सही किंवा अंगठा घेऊ नये, अशी ही सभा सर्व कुटुंबांना विनंती करते.

गावातील पुरुषांनी आपल्या पश्चात आपल्या पत्नीवर या प्रथा लादू नयेत असे प्रतिज्ञापत्र स्वेच्छेने ग्रामपंचायतीत जमा करावे. सरपंच व सर्व पुरुष सदस्य ते आजच्या सभेत करीत आहेत."

शेवटचं वाक्य सरपंचांना दाखवलं. आधी हसले, मग म्हणाले, "बायको काय म्हणेल? मी जिवंत असताना असलं लिहायचं?" मी म्हटलं, मेल्यावर कसं लिहाल? विचार करून सांगतो म्हणालेत. दोन सदस्य तयार आहेत, एकाने मसुदा वाचून फोन उचलणं बंद केलंय. माझ्या नवऱ्याने काल रात्री स्वतःहून विचारलं की स्टॅम्प किती रुपयांचा लागतो.

स्टेजचा कार्यक्रम रद्द करून घेतला. फ्लेक्स मात्र छापायला गेलाय.

---

पंचगंगेकाठचा

स्टॅम्प नसला तरी अडत नाही, साध्या कागदावर दोन साक्षीदार घेऊन लिहिलं तरी म्हातारीला दाखवायला पुरतं. सरपंचांना सांगा, १८९० मध्ये मुंबईच्या नाभिकांनी कामगार नेते नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने विधवांचं केशवपन करायला नकार दिला होता. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. तुमच्याकडे तर नुसती सही करायची आहे.

---

जुना_कारकून

मसुदा चांगला आहे. दोन दुरुस्त्या. "पत्नीच्या नावे वारस नोंदीचा अर्ज" असं लिहू नका, "पत्नीसह सर्व कायदेशीर वारसांच्या नावे" असं लिहा, नाहीतर मयताच्या आईचा आणि मुलींचा हिस्सा डावलला म्हणून पहिलीच हरकत येईल. आणि "स्त्रीधन" या शब्दापाशी "व मयताच्या पश्चात तिला मिळालेल्या वस्तू" असं जोडा.

प्रक्रियेचं विसरू नका. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायचीच असते. बऱ्याच गावांत ती फक्त रजिस्टरवर होते, तुम्ही खरी घ्या आणि हा मसुदा तिथे आधी मंजूर करून घ्या. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी कमी असेल ती. झेंडावंदन झालं की पुरुष पांगतात, तेव्हा विषयपत्रिकेत हा ठराव वरती घ्या, "आयत्या वेळचे विषय" मध्ये ढकलू देऊ नका. इतिवृत्त त्याच दिवशी लिहून वाचून दाखवायला सांगा आणि ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल स्वतःकडे ठेवा.

---

पाटाचं_पाणी

महिला सभा दुपारी तीनच्या पुढे ठेवा. सकाळी ठेवली तर रोजगाराला जाणाऱ्या येणार नाहीत, आणि आमच्यासारख्या बहुतेक रोजगारालाच जातात. कारकून काका, ए.कु.क. च्या अर्जासाठी जुने फेरफार कुठून काढायचे तेवढं सांगा. दिरांना न विचारता मिळतात का?

---

जुना_कारकून

मिळतात, कुणाचीही परवानगी लागत नाही. तहसीलच्या अभिलेख कक्षात गट नंबर टाकून नकलेचा अर्ज करा. आजेसासरे गेले ते साल अंदाजे माहीत असेल तर तेही लिहा, शोधायला सोपं जातं.